आधी खोरे, मग आराखडा

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्याला लागून, ‘नवीन महाबळेश्वर’ उभे करण्याचे राज्य सरकारने ठरवले आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला या कामासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले गेले, तेव्हा प्रकल्पात ५२ गावे होती. पुढे गावांची संख्या २३५ वर गेली आणि क्षेत्र सुमारे १,१५३ चौरस किलोमीटर झाले. २०२४ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला झाला आणि वाद नेहमीच्या दोन टोकांना जाऊन थांबला. एका बाजूला ‘डोंगरी भागाचा विकास अडवू नका’, दुसऱ्या बाजूला ‘सह्याद्रीला हात लावू नका’. या दोन घोषणांच्या गदारोळात त्याआधी विचारायचा प्रश्न बाजूला पडला. प्रकल्पाखाली येणारे कोयनेचे खोरे किती माणसांचे, किती खोल्यांचे आणि किती गाड्यांचे ओझे पेलू शकते? त्या प्रश्नाचे उत्तर हाती नसताना रस्ते, पूल आणि पर्यटन केंद्रे आखत बसणे म्हणजे मांडवात माणसे मावणार किती हे न पाहताच लग्नपत्रिका वाटत सुटण्यासारखे आहे. कोयनेच्या खोऱ्याचा आराखडा करायचा असेल, तर तो माथ्यापासून जलाशयापर्यंतचे अख्खे खोरे एकच घटक मानून, आणि क्षमतेचा आकडा आधी ठरवून करावा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

हे खोरे एकसंध का मानायचे, याचे कारण त्याच्या भूगोलात आहे. महाबळेश्वरला उगम पावलेल्या नद्यांपैकी कृष्णा आणि वेण्णा पूर्वेला वळतात, सावित्री कड्यावरून कोकणात उतरते. कोयना मात्र सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर राहून थेट दक्षिणेला धावते. हेळवाकजवळ ती पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. या दक्षिणवाहिनी टप्प्यात दोन्ही बाजूंना उंच डोंगरधारा, मधे अरुंद दरी आणि दरीत कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, अशी रचना आहे. माथ्यावर जांभ्या दगडाचे सडे आहेत. पावसाचे पाणी या सच्छिद्र दगडात मुरते आणि जांभ्याच्या थराखालून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. उतारावरचे जंगल ते पाणी आणि माती धरून ठेवते. कोयना धरणाची साठवण सुमारे १०५ टीएमसी. कृष्णा पाणीतंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायला मान्य केलेले पाणी ६७.५ टीएमसी. हे पाणी वीज करून वाशिष्ठीतून अरबी समुद्राकडे जाते. उरलेले कराड, सांगलीकडे वाहते. म्हणजे जलाशयाकाठच्या तापोळ्यात जे सांडपाणी पडेल त्याचा संबंध एकाच वेळी चिपळूणशीही आहे आणि कराडशीही. पर्यटकाला जो ‘देखावा’ दिसतो, तो सडा, झरा, जंगल आणि जलाशय यांच्या चालू व्यवहाराचा परिणाम आहे. त्यातला एक दुवा तुटला की बाकीचे हळूहळू निकामी होतात, आणि मग देखावाही उरत नाही.

निसर्गाने एकत्र ठेवलेले हे खोरे कारभारात मात्र तुकड्यातुकड्यांत विभागले गेले आहे. कोयना अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि हे अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे एकूण क्षेत्र १,१६५ चौरस किलोमीटरच्या आसपास. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या चार ठिकाणांना २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. हा सगळा वनखात्याचा प्रदेश. जलाशय आणि त्याच्या काठची संपादित जमीन जलसंपदा विभागाची. गावठाणे आणि मालकीच्या जमिनी महसूल आणि जिल्हा परिषदेच्या हद्दीत. जलपर्यटन पर्यटन खात्याचे, रस्ते बांधकाम खात्याचे आणि आता सर्वांवर नियोजन रस्ते महामंडळाचे. प्रत्येक खाते आपल्या हद्दीपुरते नियम पाहते. वनखाते वासोटा किल्ल्यावर रात्रीचा मुक्काम करू देत नाही, पावसाळ्यात वाट बंद ठेवते. ते योग्यच आहे. पण त्याच जलाशयाच्या दुसऱ्या काठावर रात्रभर दिवे आणि ध्वनिवर्धक चालू राहिले, तर ते कोणाच्याच कक्षेत येत नाही. कांदाटी खोऱ्यातील झाडाणीचे जमीन खरेदी प्रकरण २०२४ मध्ये गाजले आणि राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले, तेव्हा डोंगरातल्या दुर्गम गावात शेकडो एकर जमीन हातोहात कशी फिरली हा प्रश्न सर्वांनी विचारला. उत्तर साधे आहे. अख्ख्या खोऱ्याकडे पाहणारी नजर कोणाचीच नव्हती.

नव्या महाबळेश्वरचा विचार करताना जुन्या महाबळेश्वरकडे पाहणे टाळता येत नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसराला केंद्र सरकारने जानेवारी २००१ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केले. उद्देश चांगला होता. पर्यटनाची वाढ तिथल्या धारणक्षमतेच्या अभ्यासावर बेतावी, उतारावरची बांधकामे आणि वृक्षतोड रोखावी, यासाठी देखरेख समितीही नेमली गेली. पाव शतकानंतर चित्र काय आहे? मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत घाटात गाड्यांच्या रांगा लागतात, वेण्णा तलावाच्या पाण्यावर ताण येतो आणि अनधिकृत बांधकामांवर हातोडा पडल्याच्या बातम्या ठरावीक काळाने येत राहतात. निर्बंध होते, पण गर्दीचा आकडा ठरवून त्यावर वाहतूक, पाणी आणि खोल्या बांधण्याची शिस्त कधी लागली नाही. दुसरीकडे, माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात या क्षेत्राविषयी एक कडवट नोंद केली होती. स्थानिकांना साध्या परवानगीसाठीही अधिकाऱ्यांचे हात ओले करावे लागतात, अशा तक्रारी गटाकडे आल्या होत्या. म्हणजे नियमांचा त्रास गावकऱ्याला झाला आणि फायदा जंगलालाही पुरता झाला नाही. आज ‘नवीन’ महाबळेश्वर हवे आहे, कारण जुने भरले. जुने का भरले याचा हिशेब न करता शेजारच्या खोऱ्यात तोच प्रयोग मांडला, तर तीस वर्षांनी तिसरे महाबळेश्वर शोधायला जागा उरणार नाही.

आकडा ठरवणे अव्यवहार्य आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी उदाहरण शेजारीच आहे. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात लोटणाऱ्या गर्दीने सडा तुडवला जाऊ लागला, तेव्हा वनखाते आणि भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी प्रवेशशुल्क लावले, दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा घातली, ऑनलाइन नोंदणी सुरू केली आणि गाड्या पठारापासून दूर उभ्या करायला लावल्या. सुट्टीच्या दिवशी ती मर्यादा पाळताना ओढाताण होते. पण पर्यटन बंद पडले नाही, आणि शुल्काच्या पैशातून गावातल्या तरुणांना हंगामी काम मिळाले. कासने एक चूकही दाखवून दिली. संरक्षणासाठी पठाराला तारेचे कुंपण घातले गेले आणि गुरांची चराई थांबली. काही वर्षांत उंच गवत वाढून लहान फुलझाडांना जागा कमी पडते आहे, अशी तक्रार अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी केली. शेवटी कुंपण काढावे लागले. गुरांचा आणि माणसांचा वावर हा त्या पठाराच्या घडणीचाच भाग आहे, हे मान्य करायला वेळ लागला. पण कासची खरी मर्यादा पठाराबाहेर आहे. साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कासला जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा हॉटेले आणि बांधकामे उभी राहिली आणि त्यातली कित्येक विनापरवाना असल्याचे प्रशासनानेच वेळोवेळी सांगितले. जंगलाच्या आत आकडा आणि बाहेर मोकळे रान, अशी विभागणी टिकत नाही. म्हणूनच मर्यादा पठारापुरती किंवा अभयारण्यापुरती न घालता खोऱ्याला घालावी लागते.

प्रश्न फुलांचा आणि देखाव्याचाच असता, तर कदाचित दुर्लक्ष परवडलेही असते. पण या उतारांवर माणसे राहतात. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वस्त्यांवर दरडी कोसळल्या, डोंगरापलीकडे महाड तालुक्यातील तळिये गाव गाडले गेले, आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी तुटला आणि चिपळूण पाण्याखाली गेले. या दरडींना पर्यटन जबाबदार होते असे म्हणणे चुकीचे ठरेल. एवढ्या पावसात शाबूत उतारही घसरतो. पण उताराचा पायथा तोडून रस्ता केला, पाण्याच्या नैसर्गिक वाटा भरावाखाली दाबल्या, माथ्यावर सपाटीकरण करून जेसीबीने माती दरीत ढकलली, की धोका वाढतो, हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही. त्यात हा भूकंपप्रवण पट्टा. डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले आणि त्यानंतरही या परिसरात धक्के जाणवत राहिले आहेत. अशा जागी दरडप्रवण उतार, झऱ्यांचे पाणलोट आणि वन्यजीवांचे येण्याजाण्याचे मार्ग आधी नकाशावर आणून तिथे बांधकाम नाही असे ठरवणे ही चैन नव्हे. आराखड्याची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

असे नियोजन जगात कुठे झाले आहे का? अमेरिकेत ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या सीमेवर कोलंबिया नदीची दरी आहे. दोन्ही काठांवर उंच कडे, धबधबे, सरकारी जंगल, आणि मधेमधे गावे, शेते, खासगी जमिनी. १९८६ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून सुमारे २,९२,५०० एकर, म्हणजे जवळपास ११८० चौरस किलोमीटर क्षेत्र राष्ट्रीय निसर्गरम्य क्षेत्र ठरवले. नवीन महाबळेश्वरच्या क्षेत्राइतकाच हा पसारा. कायद्याने दोन उद्दिष्टे एकत्र लिहिली: दरीचे निसर्गसौंदर्य, संस्कृती आणि जैववैभव राखणे, आणि स्थानिक अर्थव्यवस्थेला बळ देणे, पण वाढ असलेल्या गावांकडे वळवून. त्यासाठी तेरा गावे-शहरे नियमांतून वगळली गेली. त्यांच्या बाहेर मात्र नवे घर बांधताना ते दरीच्या दृश्यात खुपू नये, रंग आजूबाजूच्या जमिनीशी मिळताजुळता असावा, इतके बारीक नियम झाले. दोन राज्यांचा संयुक्त आयोग आणि केंद्रीय वनसेवा मिळून हे सांभाळतात. २०२२ च्या उन्हाळ्यात धबधब्यांच्या पट्ट्यात गाड्यांना वेळ ठरवून प्रवेश दिला गेला. कायदा होताना ‘आमच्या जमिनीवर दूरच्या राजधानीचे राज्य’ अशा स्वरूपाचा विरोध तिथेही झाला होता, आणि सगळे सुरळीत झाले असेही नाही; २०१७ मध्ये फटाक्यांमुळे लागलेल्या वणव्यात हजारो एकर जंगल जळाले. अमेरिकेचा कायदा इथे जसाच्या तसा आणण्यात अर्थ नाही. तिथली जमीन, लोकसंख्या आणि प्रशासन वेगळे आहे. पण वाढ कुठे होईल आणि कुठे होणार नाही हे एकाच नकाशावर, एकाच यंत्रणेने, आधी ठरवायचे, हे तत्त्व मात्र उचलण्याजोगे आहे.

यावरची सर्वांत वजनदार हरकत खोऱ्यातून येते आणि ती शहरी पर्यावरणप्रेमींनी नीट ऐकायला हवी. कोयना धरणाने या लोकांची सुपीक जमीन बुडवली. नदीकाठची गावे डोंगरउतारावर सरकली, कित्येकांना लाँचशिवाय बाजार नाही, दवाखाना नाही. कोयना, सोळशी आणि कांदाटी खोऱ्यांतली तरुण पिढी मुंबईत माथाडी कामगार म्हणून गेली. महाराष्ट्राला वीज मिळाली. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची आंदोलने मात्र कोयनानगरला अलीकडेपर्यंत चालू होती. अभयारण्य झाले आणि काही गावे पुन्हा उठली. अशा लोकांना आता ‘पर्यटनाचा आकडा मर्यादित ठेवा’ म्हणणे म्हणजे तिसऱ्यांदा त्याग मागणे नव्हे का? हरकत खरी आहे, पण तिचे उत्तर अमर्याद पर्यटनात नाही. बाजार मोकळा सोडला की जमिनी कोणाच्या नावावर होतात, ते झाडाणीने दाखवले. मोठ्या रिसॉर्टमध्ये गावच्या पोराला फार तर पहारेकऱ्याची नोकरी मिळते. खोल्यांचा एकूण आकडा ठरला, आणि त्यातला मोठा वाटा खोऱ्यातल्या रहिवाशांच्या घरगुती निवासासाठी राखून ठेवला, तर मर्यादित संख्येचे मोल वाढते आणि ते मोल गावात राहते. लाँच चालवणारे, वाटाडे, जेवण पुरवणारे बचत गट यांच्यासाठी मर्यादा हे संरक्षण आहे. पूल, शाळा, दवाखाना, गावाला जोडणारा बारमाही रस्ता यांना या मर्यादेची आडकाठी असण्याचे कारण नाही; त्या नागरी गरजा आहेत, पर्यटन नव्हे. आराखड्यात या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात, म्हणजे गावच्या रस्त्याच्या नावाखाली रिसॉर्टचा रस्ता होणार नाही.

दुसरी हरकत उलट्या बाजूने येते. आकडे आणि आराखडे म्हणजे तडजोड. व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेल्या खोऱ्यात पर्यटनच नको, असे काही जण म्हणतात. त्यांची चिंता समजण्यासारखी आहे. सह्याद्रीत वाघ पुन्हा स्थिरावावा यासाठी चंद्रपूरच्या जंगलांतून वाघीण आणून चांदोलीत सोडण्यापर्यंत प्रयत्न पुढे गेले आहेत आणि त्यासाठी कोयना-चांदोली-राधानगरी ही जंगलाची साखळी सलग राहणे अत्यावश्यक आहे. गाभा क्षेत्रात नवी पर्यटन सुविधा नकोच. पण सार्वजनिक जंगल सार्वजनिकच असते. साताऱ्याच्या, चिपळूणच्या, मुंबईच्या माणसाला डोंगर आणि नदी पाहण्याचा हक्क आहे, आणि ज्याने जंगल पाहिले नाही तो त्याच्यासाठी बोलायला उभा राहणार नाही. शिवाय सरसकट बंदीचा आपला अनुभव काय? दर पावसाळ्यात धबधब्यांवर जमावबंदीचे आदेश निघतात, जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ झाली तशी दुर्घटना झाली की ते कडक होतात आणि चार आठवड्यांत विरून जातात. पोलिसांनी रोखून धरलेली गर्दी पुढच्या धबधब्यावर जाते. बंदी गर्दीची जागा बदलते. नियोजन गर्दीचा आकार बदलते. माथेरानमध्ये खासगी मोटारी दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत, तरी लोक जातातच. गाडी अडवली म्हणून माणूस अडत नाही, हे तिथे वर्षानुवर्षे दिसते आहे.

तिसरी हरकत मालकी हक्काची. ‘जमीन माझी, मी तिच्यावर काय बांधायचे हे सरकार का ठरवणार?’ शहरात हे आपण निमूट मान्य करतो. तिथे मजल्यांपासून सामासिक अंतरापर्यंत सगळे महापालिका ठरवते, कारण एकाच्या बांधकामाचा त्रास शेजाऱ्याला होतो. डोंगरात शेजारी अधिक लांबचा असतो, एवढाच फरक. माथ्यावर तोडलेल्या सड्याचे परिणाम खालच्या वस्तीचा झरा भोगतो आणि जलाशयात सोडलेल्या मैल्याचे परिणाम धरणाखालची शहरे भोगतात. मर्यादा लादल्याने ज्यांचे खरे नुकसान होते, त्या लहान जमीनधारकांना मोबदला द्यावा, शक्य असेल तिथे पर्यायी हक्क द्यावेत. पण ज्यांनी नियमांची पळवाट हेरून डोंगर विकत घेतले, त्यांच्या अपेक्षित नफ्याची भरपाई करणे हे सरकारचे कर्तव्य नाही. मर्यादा घातली की पर्यटन श्रीमंतांपुरते उरते, ही शंकाही काढली जाते. शुल्क वाढवून गर्दी कमी केली तर तसे होईल. नोंदणीने कमी केली, सार्वजनिक बस आणि लाँचने येणाऱ्याला प्राधान्य दिले, तर उलट स्वतःची गाडी नसलेल्यालाच आत जाणे सोपे होईल.

मग करायचे काय? पहिले, अंतिम आराखड्याआधी खोऱ्याची धारणक्षमता मोजून जाहीर करावी. तिचे घटक ठरलेले आहेत: उन्हाळ्यातले पाणी, सांडपाणी शुद्ध करण्याची सोय, घाटरस्त्याची वाहनक्षमता, दरडप्रवण उतार, वन्यजीवांचे मार्ग. व्याघ्र प्रकल्पांतल्या वाहनांसाठी अशी मोजणीची पद्धत २०१२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहेच. ती खोऱ्याला लागू करणे अवघड नाही. दुसरे, नवे बांधकाम विद्यमान गावठाणांच्या आणि त्यांच्या लगतच्या मर्यादित पट्ट्याच्या बाहेर जाऊ देऊ नये. सडे, कडे, झऱ्यांचे पाणलोट आणि जलाशयाच्या काठची गाळपेर जमीन पूर्णपणे वगळावी. तिसरे, वन, जलसंपदा, महसूल आणि नियोजन प्राधिकरण यांची एकच खोरे-समिती असावी आणि तिच्यात ग्रामसभांना मताचा अधिकार असावा, केवळ सल्ल्याचा नव्हे. परवानग्यांचे अर्ज आणि निर्णय सर्वांना पाहता येतील असे खुले ठेवले, तर महाबळेश्वरच्या अनुभवातली चिरीमिरी आपोआप आटोक्यात येईल. चौथे, आकडा कायमचा कोरून ठेवू नये. दर पाच वर्षांनी पाणी, जंगल आणि गावचे उत्पन्न मोजून तो वाढवावा किंवा घटवावा. कासच्या कुंपणासारखी चूक झाली, तर ती सुधारायची वाट त्यातच असेल.

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. विकास आराखडा मंजूर करण्याचा, बदलण्याचा आणि त्याला अटी घालण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आजही आहे. म्हणून मागणीही नेमकी ठेवावी: कोयना खोऱ्याच्या धारणक्षमतेचा आकडा आणि तो कसा काढला याची कागदपत्रे सरकारने आधी जाहीर करावीत, त्यावर खोऱ्यातल्या प्रत्येक ग्रामसभेत चर्चा व्हावी, आणि तोपर्यंत नवीन महाबळेश्वरचा एकही मोठा पर्यटन प्रकल्प मंजूर करू नये.